हळू गाण्यांच्या काड्या

रॉक वाजवणाऱ्या ड्रमरला कुणी म्हटलं, ‘हे गाणं जरा हळू घे,’ की तो बहुतेक वेळा हात आखडतो. मनगट ताठ होतं, काडी ड्रमवर पुरती पडायच्या आधीच मागे ओढली जाते आणि दोन कडव्यांत ठेक्यातली जान निघून जाते. आवाज कमी होतो खरा, पण गायकाच्या पायाखालची लय डळमळते. बास वाजवणारा वळून बघू लागतो. ड्रमर कच्चा असतो म्हणून हे होतं, असं नाही. हाताची मोकळीक ठेवून आवाज खाली आणायचा असेल, तर हातातली वस्तू बदलावी लागते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. या प्रकरणात त्या वस्तूंबद्दल बोलू.

त्याआधी एक खोली डोळ्यांसमोर आणू. वर्ध्याला खेटून सिंदी मेघे आहे. सिंदी मेघे हे पिपरी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे या शेजाऱ्यांसारखं शहराबरोबर वाढलेलं गाव. स्लॅबची घरं, भाड्याच्या खोल्या, शिकायला आलेली मुलं. समजा, इथल्या दहा बाय बाराच्या एका खोलीत चार जण गिटार, बास आणि ड्रमसेट घेऊन सरावाला बसले. खाली गुळगुळीत फरशी, चारी बाजूंना सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब. आवाज शोषून घेईल असं खोलीत गादीखेरीज काही नाही. जाड काडीने जोरात वाजवलेला ड्रमसेट १०० डेसिबलच्या सहज वर जातो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. डेसिबलचा हिशेब साधी बेरीज-वजाबाकी नसतो. दर १० डेसिबलला ध्वनीची शक्ती दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे माइकशिवाय गाणाऱ्या पोराचा आवाज या खोलीत ड्रमखाली पार गाडला जाणार आणि शेजारचे काका दार ठोठावणार. त्यांची तक्रार रास्तच म्हणायला हवी.

आता आवाज कुठून येतो ते पाहू. काडी ड्रमच्या पडद्यावर आदळते तेव्हा तीन गोष्टी ठरतात: किती वजन आलं, किती वेगाने आलं आणि किती वेळ टेकून राहिलं. पहिल्या दोन गोष्टींचा आवाजाच्या मोठेपणाशी संबंध आहे, हे कुणालाही कळतं. तिसरीकडे मात्र लक्ष जात नाही, आणि आवाजाचा पोत तिथेच ठरतो. लाकडाचं कडक, लहान टोक पडद्याला निमिषभर शिवतं आणि उडतं. इतका छोटा स्पर्श बारीक, तीक्ष्ण कंपनंही जागी करतो, म्हणून ‘टक’ ऐकू येतं. लोकरीच्या किंवा फेल्टच्या गोळ्याचं टोक तुलनेने जास्त वेळ टेकून राहतं, उंच कंपनं उठायच्या आतच दाबून टाकतं आणि ‘धुम्’ असा गोल नाद उरतो. जोर तेवढाच, पण पहिला आवाज कानावर येतो, तर दुसरा पोटात जाणवतो. हळू गाण्यात गायकाच्या शब्दांना धक्का लागतो तो मुख्यतः ‘टक’चा. क, त, च, स ही व्यंजनं जिथे ऐकू येतात त्याच उंच पट्ट्यात काडीचा कडकपणाही असतो. म्हणून ड्रमरने टोकाचा विचार केला, तर गायकाचे शब्द मोकळे होतात.

ही समज आपल्याकडे नवी नाही. हलगी किंवा विदर्भातलं डफडं वाजवणारा एका हातात आखूड, जाडसर टिपरू धरतो आणि कड पकडलेल्या दुसऱ्या हाताच्या बोटांत लांब, बारीक काडी. जाड टिपराने ठेका उभा राहतो, बारीक काडीने त्यात किरकिर भरते. कातडं शेकोटीवर तापवून ताणलं की बारीक काडीचा आवाज आणखी कडक होतो. गणपतीच्या ढोलाला एका बाजूने टिपरू आणि दुसऱ्या बाजूने हाताची थापी, तर त्याच पथकातल्या ताशाला दोन सडपातळ काड्या. एकाच मिरवणुकीत कुठल्या वाद्याला काय लावायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. याच मुलुखातल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनात तर काडीच नाही, नुसती बोटं. खंजिरीच्या बोटांखाली गाणाऱ्याचा शब्दन्‌शब्द ऐकू येतो, आणि त्या भजनांना शब्द पोचवायचेच होते.

ड्रमच्या काड्यांवर छापलेले आकडे नवख्याला गोंधळात टाकतात. ७ए, ५ए, ५बी, २बी. आकडा जितका लहान तितकी काडी जाड. ए हे अक्षर पूर्वी वाद्यवृंदासाठी, बी बँडसाठी, तर एस रस्त्यावरच्या संचलनासाठी वापरत. मापं कंपनीगणिक थोडी बदलतात. व्हिक फर्थची ५ए १६ इंच लांब आणि ०.५६५ इंच, म्हणजे साधारण १४.४ मिलिमीटर जाड असते. ७ए अर्धा इंच आखूड आणि १३.७ मिलिमीटर. २बी १६ मिलिमीटर. दोन-अडीच मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण काडीचं वजन जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतं. ७एच्या तुलनेत २बी जाडीमुळेच तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जड होते. व्हिक फर्थ स्वतः रॉकवाला नव्हता. तो बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्रात टिंपनी वाजवायचा. त्या संगीतातल्या नाजूक जागांना बाजारातल्या काड्या पुरेनात, म्हणून त्याने आपल्या मनासारख्या काड्या करवून घेतल्या आणि १९६३मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. आज हेवी मेटल वाजवणाऱ्यांच्या हातात जी काडी दिसते, तिच्या मुळाशी हळू वाजवायची गरज होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

लाकडाचंही असंच. सर्वांत जास्त चालणारं हिकरी मजबूत, थोडं लवचीक आणि हाताला बसणारा झटका पचवणारं. ओक जड. मेपल हलकं, त्यामुळे काडी जाड धरूनही वजन कमी राहतं, आणि ज्याच्या पंजाला बारीक ७ए काटकीसारखी लागते त्याच्यासाठी मेपलची ५ए हा उत्तम मार्ग. टोकाचा आकार झांजेवर लगेच ऐकू येतो. लहान गोल टोकाने राइड झांजेवरचा प्रत्येक ठिपका स्वच्छ येतो, मोठ्या टोकाने तो पसरट आणि गडद होतो. नायलॉनचं टोक १९५८मध्ये अमेरिकेत जो कॅलॅटो याने काढलं. ते टिकतं छान, पण झांजेला चमक आणतं. हळू गाण्यात ती चमक कधी हवी असते, तर कधी खुपते. दुकानात काडी घेताना काचेच्या काउंटरवर लोळवून बघावी. वाकडी असेल तर डुगडुगते. मग जोडीतली एकेक काडी त्याच कठीण जागी हलकेच आपटून कान द्यावा. दोघींचा स्वर वेगळा आला, तर घनता वेगळी आहे, आणि हळू वाजवताना डावा-उजवा फरक उघडा पडतो. मोठ्या आवाजात तो लपून जातो.

काडी तीच ठेवूनही बरंच करता येतं. पकड दोन इंच पुढे घेतली की झोका आखूड होतो. स्नेअरच्या मध्यावर मारण्याऐवजी कडेजवळ मारलं की आवाज पातळ आणि लहान होतो. काडी उलटी धरून, टोक पडद्यावर टेकवून, मागची बाजू लोखंडी कड्यावर आपटली की ‘टॉक’ असा लाकडी ठोका मिळतो. त्याला साइड स्टिक म्हणतात. हिंदी-मराठी चित्रपटांतल्या कितीतरी प्रेमगीतांच्या कडव्यांत तो ऐकू येतो आणि ध्रुवपद आलं की ड्रमर पुन्हा स्नेअरवर जातो. पण सगळं गाणंच दबक्या सुरात असेल, तर नुसत्या पकडीवर भागत नाही.

रॉकच्या इतिहासात याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण निर्वाणा बँडचं. १८ नोव्हेंबर १९९३ला न्यूयॉर्कच्या सोनी म्युझिक स्टुडिओजमध्ये एमटीव्हीच्या अनप्लग्ड कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण होतं. ड्रमवर डेव्ह ग्रोल, जो तोवर ड्रम फोडण्याच्या बेताने वाजवणारा म्हणूनच ओळखला जाई. समोर ॲकॉस्टिक गिटार, चेलो आणि कर्ट कोबेनचा खरखरीत, तुटकासा गळा. ग्रोलमुळे सगळं बुडून जाईल, ही धास्ती खुद्द बँडलाच होती. कार्यक्रमाचा निर्माता ॲलेक्स कोलेटी याने ब्रश आणि बारीक काड्यांच्या जुड्या कागदात गुंडाळून ख्रिसमसच्या भेटीसारख्या त्याच्या हातात ठेवल्या. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात, कोबेनच्या मृत्यूनंतर सात महिन्यांनी, ते ध्वनिमुद्रण अल्बम म्हणून आलं. ऐकताना लक्षात येतं की ग्रोलने आपला हात बदललेला नाही. ठेका तितकाच ठाम आहे, उचल तितकीच मोठी आहे. ती उचल जुडीतून गाळून बाहेर पडते, एवढंच. हळू वाजवायला सांगितलेल्या प्रत्येक रॉक ड्रमरने हा अल्बम फक्त ड्रमसाठी एकदा ऐकावा.

त्या जुडीला बाजारात रॉड्स म्हणतात. अमेरिकेतल्या प्रो-मार्क कंपनीच्या हॉट रॉड्समध्ये बर्च लाकडाच्या १९ सडपातळ काड्या एकत्र बांधलेल्या असतात. आदळताना त्या एकमेकींवर घसरतात, थोडा जोर आपसातच खातात आणि पडद्यावर एका क्षणी न पडता किंचित मागेपुढे पडतात. त्यामुळे ‘टक’ फुटून ‘छप’ होतो. ही कल्पना पाश्चात्त्य वाद्यवृंदातही जुनी आहे. माहलरने आपल्या दुसऱ्या आणि सहाव्या सिम्फनीत रूट नावाची फांद्यांची जुडी वापरली.

वर्ध्याकडे ही जुडी घरी करणं अवघड नाही, कारण बांबू आणि बांबूकाम करणारे बुरड दोन्ही या भागात आहेत. बुरडाकडून सुपासाठी निघतात त्याहून जाड, दोन-तीन मिलिमीटरच्या गोलसर सोललेल्या कामट्या घ्यायच्या, साधारण १६ इंचांच्या. कूस राहिली तर पडदा फाटतो, म्हणून प्रत्येक कामटी काचकागदाने घासून घ्यायची. मुठीत नीट बसेल एवढी जुडी करून मागच्या चार-पाच इंचांवर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची. मग आणखी एक अरुंद पट्टी मधोमध, सैलसर. ही दुसरी पट्टी खरं काम करते. ती टोकाकडे सरकवली की जुडी आवळते आणि आवाज काडीच्या जवळ जातो. मुठीकडे ओढली की जुडी मोकळी होते, आवाज विखुरतो. विकतच्या रॉड्सवर रबरी कडी असते, तिचं कामही हेच. बांबू बर्चपेक्षा लवचीक असल्याने उसळी थोडी वेगळी लागते, तेवढी हाताला सवय करावी लागते.

ब्रशचं प्रकरण निराळं. रॉड्स म्हणजे शेवटी फोडलेली काडीच. ब्रशला मात्र काडीची भाषा लागूच पडत नाही. त्याचा जन्म संगीतात झालेला नाही. १९१२च्या सुमारास अमेरिकेत लुई ॲलिस आणि ॲडॉल्फ वीन्स यांनी तारांचा पंखा मुठीत ओढून घेता येईल असं साधन तयार केलं आणि त्याचं पेटंट घेतलं. ते होतं माशा मारण्यासाठी. नाचाच्या हॉलमध्ये आणि हॉटेलांत वाजवणाऱ्या ड्रमरांनी ते उचललं, कारण जेवणाऱ्यांच्या गप्पांवर आवाज चढू द्यायचा नव्हता. १९२०च्या दशकात ड्रम बनवणाऱ्या कंपन्या तेच साधन वाद्य म्हणून विकू लागल्या. मुंबईतही हॉटेलांच्या बँडमधूनच ते आलं. गोव्याच्या वादकांनी जॅझचं शिक्षण चित्रपटांत नेलं. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१च्या ‘अलबेला’त अल्दोणच्या चिक चॉकलेटचा बँड घेतला, तेव्हा मराठी माणसाच्या चालीला पाश्चात्त्य ड्रमचा असा झोका मिळाला की तो आजही शिळा वाटत नाही.

ब्रशने दोन प्रकारचा आवाज निघतो. मारला तर ‘थप’, आणि घासला तर ‘स्स्’. दुसरा आवाज काडीकडे नाहीच. काडीचा ठोका उठतो आणि विरतो. पुढचा ठोका पडेपर्यंत मधे जागा रिकामी. घासलेला ब्रश ती जागा भरून काढतो. ड्रम हे वाद्य त्या क्षणी तंबोऱ्याच्या बाजूला सरकतं. हे नेमकं कसं होतं, ते केरव्याच्या आठ मात्रांवर पाहू. डावा ब्रश स्नेअरच्या पडद्यावर टेकवा आणि उचलू नका. त्याने पडद्यावर गोल फिरायचं, चार मात्रांत एक फेरा. फेरा सारखा असावा, पण तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला मनगटाने किंचित दाब द्यायचा. ‘स्स्’ तिथे फुगतो आणि पुन्हा बसतो. उजवा ब्रश त्या वर्तुळाच्या वाटेत न येता वरच्या बाजूला हलके ठिपके देतो. दोन ब्रश एकमेकांत अडकले की ‘खर्र’ होतं, आणि ते सगळ्यांना ऐकू जातं. पायाने हाय-हॅट झांजांची जोडी तिसऱ्या-सातव्याला मिटायची. लय जितकी संथ तितका फेरा मोठा आणि हात सावकाश. संथ लयीत वर्तुळाचा वेग जराही चुकला तर आवाज लाटांसारखा वरखाली होतो. म्हणून ब्रशचा सराव जलद गाण्यावर सुरू करू नये. संथ लयीत हाताची सगळी खोट दिसते, आणि ती दिसायलाच हवी.

घासायला खरखरीत जागा लागते. पूर्वी ड्रमवर वासराचं कातडं असे आणि त्याला अंगचा खडबडीतपणा होता. १९५७मध्ये अमेरिकेत रेमो बेली याने पॉलिएस्टरचा पडदा बाजारात आणला. कातडं पावसाळ्यात ढिलं पडायचं आणि उन्हाळ्यात ताणायचं, तो त्रास संपला. पण नुसता पारदर्शक पडदा काचेसारखा गुळगुळीत. त्यावर ब्रश फिरवला तर फारसं काही ऐकू येत नाही. त्यासाठी पांढऱ्या खरखरीत लेपाचा पडदा मिळतो. रॉक वाजवणाऱ्या पोरांच्या स्नेअरवरचा लेप मधोमध झिजून चकचकीत झालेला असतो. ब्रश ‘वाजत नाही’ म्हणून टाकून दिला जातो, त्यातल्या पुष्कळ वेळा दोष झिजलेल्या पडद्याचा असतो.

सिंदी मेघेतल्या त्या खोलीत ब्रशला आणखी एक शत्रू आहे: कूलर. वऱ्हाड-नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय सराव होणार नाही, आणि कूलरचा घोंघाट हा खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत पसरलेला सलग आवाज असतो. ब्रशचा ‘स्स्’ही तसाच. एका जातीचे दोन आवाज एकत्र आले की मोठा लहानाला गिळतो. मे महिन्यात कूलर चालू असताना ड्रमरला स्वतःचा ब्रश ऐकू येत नाही, तो दाब वाढवतो, तारा वाकतात आणि ठेका जड होतो. अशा वेळी रॉड्स घ्याव्यात. त्यांचा ‘छप’ कूलरमधूनही कळतो. ब्रशचा सराव हिवाळ्यात किंवा पहाटे करावा.

घासण्याच्या आवाजाची गोडी आपल्या संगीतकारांना चांगली ठाऊक होती. राहुल देव बर्मन यांनी ‘पडोसन’मध्ये, १९६८ साली, खरखरीत पृष्ठभागावर कंगवा घासून ताल घेतला. आवाज लहान, पण लक्ष वेधणारा. मारण्यापेक्षा घासण्यात आवाज कमी आणि ओढ जास्त असते.

आणि मग त्रिलोक गुर्टू. १९५१ साली मुंबईत जन्मलेला हा वादक बेळगावच्या ठुमरी गायिका शोभा गुर्टूंचा मुलगा. त्यांची ठुमरी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना तिथला तबला आठवेल. संथ दीपचंदी तालात तो गायिकेच्या शब्दामागे राहतो आणि शेवटी जलद लग्गीला सुटतो. घरात अशी संगत ऐकत वाढलेला मुलगा तबला शिकला आणि पुढे ड्रमसेटकडे गेला. १९८४मध्ये तालवादक कॉलिन वॉलकॉटच्या अपघाती निधनानंतर त्याच्या जागी तो ओरेगॉन या बँडमध्ये आला. त्या बँडमध्ये ओबो आणि ॲकॉस्टिक गिटार. जोरात वाजवणाऱ्याला तिथे जागाच नाही. १९८९च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये जॉन मॅकलॉफलिनच्या ॲकॉस्टिक गिटारबरोबर त्याने वाजवलेलं ध्वनिमुद्रित उपलब्ध आहे. स्टुलाऐवजी तो जमिनीलगत गुडघा टेकून बसतो. एका हाताला तबला, दुसऱ्याला ड्रम आणि झांजा. बोटं, तळहात, काड्या, आणि वाजती झांज बुडवायला पाण्याने भरलेली बादली. पाण्यात उतरताना झांजेचा स्वर खाली घसरतो. गिटारची तार कुठेही दबत नाही आणि ताल कुठेही ढिला पडत नाही. एकाच आवर्तनात बोटावरून काडीवर जाताना त्याला जोर आवरावा लागत नाही, कारण प्रत्येक वस्तूचा आवाज किती मोठा होतो हे त्याच्या हाताला माहीत आहे. ड्रमरने काड्यांची निवड शिकायची तर मी त्याला या माणसाकडे पाठवीन.

आपल्या भागातल्या ऑर्केस्ट्रांतून ब्रश जवळपास गेला, त्याला ऑक्टोपॅड कारणीभूत आहे. रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड १९८५चा. आठ रबरी चौकोन, एका पिशवीत मावणारे. लग्नसमारंभाला गावोगाव फिरणाऱ्या मंडळींना तो फार सोयीचा पडला आणि त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. पण साध्या पॅडच्या आतला संवेदक फक्त ठोका ओळखतो. त्यावर ब्रश घासला तर तो गप्प राहतो. ब्रशचा मुद्रित आवाज त्यात भरता येतो, बटण दाबून वाजवताही येतो, मात्र वर्तुळाचा दाब मनगटाने कमी-जास्त करता येत नाही. दोन पिढ्या ऑक्टोपॅडवर शिकल्या आणि घासण्याची कला हातातून निसटली. ॲकॉस्टिक ड्रमसेट घेऊन अभंग आणि लोकगीतं रॉकच्या अंगाने गाणारे मराठी बँड आता पुन्हा दिसू लागले आहेत, अभंग रिपोस्ट हे त्यातलं ठळक नाव. अशा गाण्यांना ब्रश आणि रॉड्स लागणारच.

मंचावर माइक आला की गणित थोडं बदलतं. ब्रशचा आवाज इतका लहान असतो की साउंडवाला स्नेअरचा माइक उघडत जातो, मग मॉनिटरमधून शिटी वाजायला लागते. माइक पडद्याच्या जवळ, पण फेऱ्याच्या वाटेबाहेर लावून घ्यावा आणि साउंडवाल्याला आधीच सांगावं की कोणत्या गाण्याला ब्रश आहे. रॉड्सवरून काडीवर जाताना त्याने माइकची पट्टी खाली आणली नाही, तर पहिल्याच ठोक्याला स्पीकर फाटल्यासारखा वाजतो. पिशवीत ५ए आणि ७एची एकेक जोडी, एक रॉड्सची, एक फेल्टच्या गोळ्यांची आणि ब्रशांची जोडी एवढं पुरतं. ब्रश ठेवताना तारा आत ओढून घ्याव्यात. ब्रशने झांजेच्या कडेवर किंवा लोखंडी कड्यावर मारू नये. एकदा वाकलेली तार पुन्हा सरळ होत नाही, ती पडद्यावर ओरखडा काढते, म्हणून ती पकडीने मुळाशी कापून टाकावी. बाकीच्या तारांवर ब्रश बरेच महिने चालतो.